पॅनेल दोन, विहीर एक

पत्र

स. न. वि. वि. आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आहे. आमचा वाडा एकच, चुली दोन. एका बाजूला थोरले दीर-जाऊ, दुसऱ्या बाजूला आम्ही, मध्ये अंगण. सासूबाई दोन्हीकडे असतात. विहीर सामाईक, डेअरीचं खातंही सामाईक. दीर आमच्याच प्रभागातून एका पॅनेलतर्फे उभे आहेत. माझे मिस्टर दुसऱ्या पॅनेलच्या सरपंचपदाच्या उमेदवाराचे लहानपणापासूनचे दोस्त, त्यामुळे ते तिकडच्या प्रचारात. रोज रात्री आमच्या ओसरीवर पंधरा-वीस माणसं चहाला. आठ दिवस झाले, भावाभावांत बोलणं नाही. परवा पाण्याच्या पाळीवरून विहिरीवर आवाज चढला. पोरांचं एकत्र शाळेत जाणं बंद झालं. सासूबाईंना बीपीची गोळी आहे, त्या रात्री उठून बसतात. भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज टोमणे. मला झोप नाही, मध्येच छातीत धडधडतं. मिस्टर विचारतात, "तुझं मत कुणाला?" मतदान पुढच्या रविवारी, मोजणी मंगळवारी आणि बुधवारी पहाटे परत दिरांची पाण्याची पाळी. मी कुणाची बाजू घेऊ आणि घर शांत कसं ठेवू?

– एक धाकटी जाऊ, सातारा जिल्हा

उत्तर

ताई, नमस्कार.

बाजूचं नंतर बघू. तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट आम्हाला विहिरीवरची वाटली. दोन भावांची दोन पॅनेल असली म्हणून घर मोडत नाही. महाराष्ट्रात अशी घरं गावोगाव आहेत. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, ती भावकी, दोस्ती, आळी आणि जुने हिशेब यांवरच चालते. म्हणून तिची धग थेट चुलीपर्यंत येते. पण अबोला पक्का होतो तो व्यवहार थांबला की. पाणी, दूध, पोरांची शाळा, आईच्या गोळ्या. या चार गोष्टी चालू राहिल्या तर दोघा भावांना रोज दोन-चार शब्द बोलावेच लागतात. त्या बंद पडल्या की बोलायला कारण उरत नाही, आणि कारण नसताना आधी कोण बोलणार यावर वर्षं जातात. तेव्हा पुढच्या दहा दिवसांत दोघांचं मन वळवायच्या मागे लागू नका. ते काम तुमचं नाही आणि या दिवसांत ते होणारही नाही. तुम्ही हे चार व्यवहार धरून ठेवा.

सुरुवात पाण्यापासून करा, कारण ठिणगी तिथेच पडली आहे. शेतीची थ्री-फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते आणि मध्येच जाते. एरवी लाईट गेली तर "तेवढं उद्या घे" म्हणून भागतं. निवडणुकीच्या दिवसांत त्याच गेलेल्या लाईटीचा अर्थ "मुद्दाम मोटार बंद केली" असा होतो. म्हणून पाळी तोंडी ठेवू नका. शाळेच्या वहीचं एक पान घ्या आणि त्यावर तीन रकाने आखा: तारीख, पाळी कुणाची, मोटार किती वाजता चालू नि किती वाजता बंद. खाली एक ओळ लिहा: "लाईट जेवढा वेळ गेली तेवढा वेळ त्याच पाळीला पुढे वाढवून." पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा आणि दोऱ्याने एक पेन बांधा. मोटार चालू करणाऱ्याने वेळ लिहायची. हा कागद मिस्टरांच्या हातून भाऊजींकडे पाठवलात तर तो नोटीस वाटेल. तुम्ही आणि थोरल्या जाऊबाई दोघींनी मिळून लिहा आणि सासूबाईंना वाचून दाखवा. त्यांनी मान डोलावली की विषय संपला. तो कागद आईच्या शब्दाने लागला, असं दोघांनाही म्हणता येतं आणि कुणाची मान खाली जात नाही.

दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं ना? मग या महिन्यातल्या बिलांपुरती एक गोष्ट ठरवा: सामाईक खात्यातला एक रुपयाही प्रचारात जाणार नाही, ना भाऊजींच्या, ना मिस्टरांच्या दोस्ताच्या. पैसे आले की पेंडीचे आणि डॉक्टरचे आधी बाजूला काढायचे, उरलेले नेहमीसारखे निम्मे-निम्मे. निवडणूक झाली की शब्दांचे घाव भरतात, पण "आपल्या दुधाच्या पैशावर त्यानं जेवणावळी घातल्या" हे वाक्य वीस वर्षं पुरतं.

आता ओसरी. पंधरा-वीस माणसांचा चहा रोज रात्री तुम्हीच करत असणार, आणि त्यांच्याबरोबर स्वतःही पीत असणार. तुमच्या न येणाऱ्या झोपेचा नि धडधडीचा बराचसा धागा इथे असावा. चहातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री ८ ला घेतलेल्या कपातलं निम्मं १ वाजताही अंगात असतं. निवडणुकीच्या गडबडीत दिवसाचे आठ-दहा कप कधी होतात ते कळतही नाही. तुम्ही स्वतः शेवटचा चहा दुपारी ३ च्या आत घ्या. एकदम सगळा सोडू नका, डोकं दुखेल. दर दोन दिवसांनी एक-एक कप कमी करा. ओसरीवरच्या मंडळींना संध्याकाळी एकदाच चहा द्या. वीस अर्ध्या कपांना १ लिटर दूध आणि पाऊण लिटर पाणी पुरतं. रात्री ८ नंतर ताक. १ लिटर दह्यात ३ लिटर पाणी घालून घुसळलं की २०० मिलीचे वीस ग्लास होतात. चार चमचे मीठ, दोन चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडं आलं. सासूबाईंचा ग्लास मात्र मीठ घालण्याआधीच बाजूला काढा. यातून आणखी एक गोष्ट होते: रात्री चहा मिळाला की बैठक लांबते, ताक पिऊन माणूस घरी जायला उठतो.

धडधड फक्त ताणामुळेच आहे असं मात्र धरून बसू नका. रक्त कमी असेल किंवा थायरॉईडची गडबड असेल तरी अशीच धडधड होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि डॉक्टरांना धडधडीबद्दल स्पष्ट सांगा, ते गरजेप्रमाणे ईसीजी किंवा पुढची तपासणी सांगतील. छातीत दुखून कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दम लागत असेल, थंड घाम फुटत असेल, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

धडधड सुरू झाली की करायची एक साधी गोष्ट. बसा, पाय जमिनीला टेकवा. नाकाने ४ आकडे होईपर्यंत श्वास आत, ६ आकडे होईपर्यंत बाहेर. मध्ये रोखायचा नाही. पाच मिनिटं. श्वास सोडायला जास्त वेळ लागला की हृदयाचे ठोके आपसूक संथ होतात, शरीराची घडणच तशी आहे. चुकतं ते असं: माणसं छाती फुगवून खूप खोल श्वास घेतात, मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरायला नवं कारण मिळतं. श्वास नेहमीएवढाच घ्या, फक्त सावकाश सोडा. आकडे मोजताना गुदमरल्यासारखं होत असेल तर मोजू नका. ओठ मिटून "म्‌ऽऽ" असा गुंजारव करत श्वास सोडा, काम तेच होतं. आणि हे त्रास व्हायची वाट न पाहता रोज करा. सकाळी दूध तापायला ठेवता तेव्हा. दूध वर येईपर्यंत गॅसपाशी उभं राहायचंच असतं.

झोपेसाठी फोन खोलीबाहेर ठेवा. गजराला फोन लागतो ही अडचण खरी आहे, तर एक गजराचं घड्याळ विकत आणा. भावकीच्या ग्रुपमधून बाहेर पडू नका. बाहेर पडणं हीसुद्धा एक घोषणाच होते आणि दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर तिची चर्चा होते. ग्रुप म्यूट करा, 'नेहमीसाठी' हा पर्याय निवडा, आणि वर अर्काइव्ह करून टाका म्हणजे यादीत दिसणारच नाही. सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. दिवसातून एकदा, दुपारी जेवणानंतर दहा मिनिटं उघडून बघा. कुणाच्या घरी दुःखाची बातमी असेल तर कळायला हवी. ज्या मेसेजवर दोन बाणांची खूण असते तो पाच किंवा अधिक हातांतून फिरून आलेला असतो, त्याचा मूळ मालक सापडत नाही. तो तुमच्यापाशी थांबू द्या. आणि हे मिस्टरांनाही सांगा: निवडणुकीच्या दिवसांत फोनवर बोललेलं प्रत्येक वाक्य रेकॉर्ड होतंय असं धरूनच बोलायचं. गावच्या निवडणुकीत सगळ्यात जास्त माणसं तुटतात ती व्हायरल झालेल्या फोनवरच्या बोलण्यामुळे. रागाच्या भरात भावाबद्दल एखाद्या दोस्ताला बोललेलं वाक्य चौथ्या दिवशी त्याच भावाच्या कानावर पडतं, आणि तेही खुद्द आपल्या आवाजात.

घरात एक नियम आणा. एकच, कारण दोन आणले तर दोन्ही मोडतील. जेवणाचं ताट वाढल्यापासून सकाळी धार काढेपर्यंत घरात निवडणूक नाही. तो दिसेल असा करा. ओसरीच्या खांबाला एक खिळा मारा आणि बाहेरून आल्यावर गळ्यातलं उपरणं, खिशाचा बिल्ला, हातातली पत्रकं तिथं लटकवायची. भाऊजींच्या बाजूच्या खांबालाही तसाच. खिळ्यावरून उपरणं काढलं की प्रचार सुरू, अडकवलं की घर. मिस्टरांना हे समजावताना "तुम्ही सारखं तेच बोलता" असं म्हणालात तर भांडण होईल. असं म्हणा: "अहो, दिवसभर तुम्ही त्यांचेच असता. ताटावर तेवढे आमचे राहा." पहिल्या दोन दिवशी ते विसरतील. तेव्हा ओरडू नका, नुसतं उपरण्याकडे बघा.

पिऊन आले असतील त्या रात्री कुठलाच विषय काढू नका, ना निवडणुकीचा ना पिण्याचा. जेवण झाकून ठेवा, पाण्याचा तांब्या उशाशी, मोटारसायकलची चावी तुमच्याकडे. ढाब्यावरच्या जेवणावळीनंतर गाडी चालवत येणं हा या दिवसांतला खरा धोका आहे. संध्याकाळी ते शुद्धीत असताना ठरवून घ्या की उशीर झाला तर दोस्ताने सोडायचं, गाडी तिथेच राहू दे. हात उगारला गेला तर मात्र हा सल्ला बाजूला ठेवा आणि ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ वर फोन करा.

सासूबाईंचं सांगतो. त्या रात्री उठून बसतात, कारण दोन्ही लेक त्यांच्यापाशी येऊन एकमेकांबद्दल बोलत असणार. ते आधी थांबवा. दोघांनाही एकच निरोप द्या: "आईपाशी बसायचं तर पाच मिनिटं बसा, पण दुसऱ्याचं नाव काढायचं नाही." बीपी रोज सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी एकदा मोजा. घरी मशीन नसेल तर आशाताईंना विचारा. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही. लघवी करून यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात उशीवर छातीच्या उंचीला, मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा. अंगणात गलका चालू असताना, बाजेवर पाय लोंबकळत ठेवून मोजलं की आकडा वर दिसतो, मग घरचे घाबरतात, घरचे घाबरले की त्या घाबरतात, आणि पुढचा आकडा खरंच वर जातो. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या वर गेला तर पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजा. तरीही तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बरोबर छातीत दुखणं, दम, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यांतलं काहीही असेल तर थेट १०८. एक गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. आणि पुढच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या आजच आणून ठेवा. मतदान-मोजणीच्या धावपळीत नेमकी पाकिटं संपतात. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे. कर्णा तुमच्या बोळात वाजत असेल तर आधी दोन्ही पॅनेलच्या माणसांना "आईला बरं नाही" एवढंच सांगा. बहुतेक वेळा तेवढ्याने बंद होतो. नाहीच झाला तर ११२ आहेच.

मतदानाला त्यांना कुणी न्यायचं, हेही आत्ताच ठरवा. एका लेकाने नेलं की दुसऱ्याच्या मनात शंका. थोरल्या घरची नात नि तुमची मुलगी, दोघींनी दोन हातांना धरून शाळेच्या फाटकापर्यंत न्यावं. आत बटण दाबायला त्यांना कुणाची गरज नसेल तर कुणीही आत जायचं नाही. सकाळी लवकर, काहीतरी खाऊन, गोळी घेऊन. उन्हात रांगेत उभं करू नका. म्हाताऱ्या माणसांना पुढे सोडतात, तिथल्या कर्मचाऱ्याला सांगायचं.

आता तुमच्या मताचं. मिस्टर विचारतात, "कुणाला?" तुम्ही उत्तर द्यायला बांधील नाही, कायद्याने नाही आणि नात्यानेही नाही. आणि ग्रामपंचायतीच्या मतदानात या प्रश्नाला एक उत्तर नसतंच. सरपंचाचं मत वेगळं, आणि प्रभागात जितक्या जागा, दोन किंवा तीन, तितकी सदस्यांची मतं वेगळी. प्रत्येक जागेसाठी एक बटण. एका पॅनेलचा सरपंच, दुसऱ्या पॅनेलचा सदस्य, असं मत देणं पूर्ण कायदेशीर आहे आणि कित्येक घरांतल्या बाया तेच करतात, फक्त बोलत नाहीत. एखाद्या जागेला कुणीच पटत नसेल तर तिथे 'नोटा' दाबा, पण जागा रिकामी सोडून निघू नका. सगळी बटणं दाबून झाली की मगच शेवटचा लांब आवाज येतो, तो ऐकूनच बाहेर या. मिस्टरांना हसून सांगा, "मतपेटीत गेलं की ते माझंही राहत नाही." भाऊजींनी किंवा जाऊबाईंनी विचारलं तरी हेच वाक्य, शब्दाचाही फरक न करता. ज्याला वेगळं उत्तर मिळतं तो ते वापरतो.

हे एवढं जोर देऊन सांगायचं कारण मोजणीच्या दिवशी कळतं. एका प्रभागात काहीशे मतदार. हार-जीत पाच-दहा मतांनी होते, कधी समसमान होऊन चिठ्ठी काढावी लागते. मग रात्रभर एकच हिशेब चालतो: कुणाच्या घरातलं मत फुटलं? मोजणीत मशीनचा आकडा कळतो, माणसाचं मत कळत नाही. तरीही बोट दाखवलं जातं, आणि ते बहुतेक वेळा सुनेकडे दाखवलं जातं. आधीपासून कुणालाच काही सांगितलेलं नसेल तर तुमच्याकडे दाखवायला त्या बोटाला जागा राहत नाही.

मुलांशी आजच बोला. "काका आणि पप्पा वेगवेगळ्या माणसांना मदत करतायत. तुमचं भांडण नाही, तुम्ही एकत्रच शाळेत जायचं." एवढंच, जास्त समजावू नका. घोषणा द्यायला, पत्रकं वाटायला पोरांना पाठवू नका. ज्या पोराने दुसऱ्याच्या काकाविरुद्ध घोषणा दिली त्याला उद्या त्याच घरी खेळायला जाताना लाज वाटते. आणि नऊ तासांची झोप मोडू देऊ नका. ओसरीवर बैठक असेल तर पोरांना मागच्या खोलीत, दार लावून.

तुम्ही पत्रात कुठे म्हटलं नाहीत, पण आम्हाला वाटतं की तुम्हाला थोरल्या जाऊबाईंची आठवण येतेय. एकाच अंगणात राहून आठ दिवस बोलणं नाही, हे तुम्हाला जड जात असणार. त्यांनाही जात असेल. आपल्याकडे घरातल्या माणसांना कुणी "धन्यवाद" म्हणत नाही, म्हटलं तर परक्यासारखं वाटतं. आपल्याकडे त्याच्यासाठी वाटी आहे. शेजारून आलेली वाटी रिकामी परत जात नाही, निदान चिमूटभर साखर घालून जाते. तुमच्या फडताळात जाऊबाईंची एखादी वाटी असेलच, असतेच. ती बाहेर काढा. लसणाची चटणी, शेंगदाण्याचं कूट, जे रोजचं असेल ते अर्धी वाटी घाला आणि स्वतः नेऊन द्या. पोरीच्या हाती पाठवू नका. या आठवड्यात गोडधोड नको. श्रीखंड किंवा लाडू गेले की "मतासाठी आलं" अशी कुजबूज होते. चटणीवर कुणी संशय घेत नाही.

देताना एक खरी, नेमकी गोष्ट बोला. "ताई, मागच्या सोमवारी मला मळ्यातून यायला आठ वाजले, तुम्ही माझ्या धाकट्याला जेवू घातलंत. मला तेव्हा बोलता आलं नाही." माणूस, दिवस, केलेलं काम, आणि त्याने तुमचं काय हलकं झालं. बस. पुढे "पण" लावू नका. "तुम्ही जेवू घातलंत, पण भाऊजींनी त्या दिवशी..." इथे सगळं वाया जातं. चार माणसांत बोलू नका आणि ग्रुपवर तर अजिबात लिहू नका. तिथे आभारसुद्धा प्रचार वाटतो. रोज रात्री झोपण्याआधी एवढाच विचार करा की आज कुणामुळे माझं एक काम हलकं झालं, आणि सकाळी त्या माणसाला ते सांगा. रोज एक माणूस. मिस्टरांचीही पाळी येऊ द्या. त्यांनी रात्री ११ ला येऊन गोठ्यात वैरण टाकली असेल तर तेही सांगण्यासारखं आहे.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारनंतर मशीनच्या पेट्या घेऊन कर्मचारी गावात येतात आणि बहुधा शाळेतच मुक्काम करतात. त्यांत शिक्षिका असतात, लिपिक असतात, कुणाच्या घरी लहान मूल असतं. निवडणुकीत सगळ्यात दुर्लक्षित माणसं हीच. उमेदवाराच्या घरचं जेवण त्यांना चालत नाही, ते नेऊ नका, त्यांना अडचणीत टाकाल. पण शाळेचं स्वच्छतागृह धुऊन, टाकी भरून, आत बादली-मग आणि साबण ठेवून, दाराची कडी लागते का बघून ठेवलं तर कुणाची हरकत नाही. ग्रामपंचायतीला किंवा मुख्याध्यापकांना विचारून बचत गटातल्या चौघी-पाच जणी घ्या, त्यांत दोन्ही पॅनेलच्या घरच्या असू द्या, आणि शनिवारी दुपारी १२ च्या आत उरका. तास-दीड तासाचं काम. जाऊबाईंना बोलावण्यासाठी याहून चांगलं निमित्त मिळणार नाही, कारण झाडू हातात असताना बोलावंच लागतं: "पाणी टाक", "तिकडं राहिलं". रविवारी मात्र मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार चालत नाही, तेव्हा बिल्ला घालून कुणी तिकडे फिरकू नका.

मंगळवारचं आधी ठरलं पाहिजे, तेही मतदानाच्या आधी. निकाल कळल्यावर कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत कुणीच नसतं. सासूबाईंनाच दोन्ही लेकांना तीन गोष्टी सांगू द्या. गुलाल अंगणाच्या बाहेर. मिरवणूक दारात थांबायची नाही, डॉल्बी बोळात आणायचा नाही. आणि जिंकलेल्या बाजूचा मुलगा आधी आईच्या पाया पडायला येईल, एकटा, फोटो काढणाऱ्याशिवाय. हरलेल्याने त्याच दिवशी अभिनंदन करावं अशी अपेक्षा नको. त्याला तीन दिवस द्या. त्या रात्री त्याच्या घरी पिठलं-भाकरी जाऊ दे, उपदेश नको. "पुढच्या वेळी बघू" हेही नको, "आम्ही सांगत होतो" हे तर कधीच नको. बोलायचंच तर "जेवलात का?" एवढं पुरे. निकालावर खरोखरच आक्षेप असेल तर निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत न्यायालयात अर्ज करता येतो. ती वाट मोकळी आहे हे दोघांना माहीत असलं की अंगणातला आवाज कमी होतो.

भाऊजी हरले तर आणखी एक काम उरतं, आणि हरलेली माणसं नेमकं तेच विसरतात. उमेदवार जिंको वा हरो, निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत सादर करावा लागतो. न केल्यास पुढे निवडणूक लढवायला अपात्र ठरवलं जाऊ शकतं. जाऊबाईंना आत्ताच एक कापडी पिशवी द्या आणि सांगा, मंडपाची, छपाईची, गाडीच्या डिझेलची, प्रत्येक पावती यात. मग निकालानंतर दहा-बारा दिवसांनी मिस्टरांनी जाऊन विचारावं, "दादा, हिशेब भरला का? तहसीलला जायचंय, येतो बरोबर." इतक्या दिवसांच्या अबोल्यानंतर पहिलं वाक्य कामाचं असलं की दोघांनाही सोपं जातं. माफीने सुरुवात करायला लावलीत तर दोघेही दाराशीच अडतील.

तुमचं स्वतःचं शेवटी, पण तितकंच महत्त्वाचं. निकालानंतर दोन आठवडे उलटूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, सारखं रडू येत असेल, किंवा जगू नये असं मनात येत असेल तर थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जगू नये असा विचार आला तर दोन आठवडे नाहीत, त्याच घडीला फोन करा.

बुधवारी पहाटे भाऊजींची पाळी आहे. रात्री निकालाच्या गडबडीत ते जागे राहिलेले असतील, हरले तर उठणारही नाहीत कदाचित. मंगळवारी संध्याकाळीच जाऊबाईंशी बोलून ठेवा: ते उठले नाहीत तर तुमचा थोरला मुलगा मोटार चालू करील आणि कागदावर वेळ लिहील, पाणी भाऊजींच्याच गव्हाला. म्हणून तो कागद आज लिहा. सेलोटेप ओल्या पेटीला चिकटत नाही, आधी फडक्याने कोरडी पुसून घ्या.